आमच्याकडे घोडा नाही

काही लोकांच्या हाताला गुण असतो. वाळकी काटकी खोचली तरी तिला पालवी फुटते. माझ्या हाताला अवगुण आहे. गेल्या बारा वर्षांत मी तीन गुलाब, दोन मोगरे, एक सोनचाफा आणि ‘हा मरता मरत नाही’ अशी हमी देऊन गळ्यात मारलेला मनीप्लँट संपवला. तुळशीचे तर विचारूच नका. दर कार्तिकात आमच्याकडे तुळशीचे लग्न थाटात लागते आणि दर वर्षी वधू नवी असते.

शेवटी नर्सरीवाल्या मामांनीच मला एका बाजूला घेतले. बिजवराला स्थळ सुचवावे तशा हळू आवाजात म्हणाले, “साहेब, तुम्ही आता कण्हेर बघा. फार अपेक्षा नाहीत तिच्या. पाणी द्या, नका देऊ. ऊन मात्र पाहिजे.”

मुलगी पाहण्यातली होती. महामार्गाच्या दुभाजकात गुलाबी, पांढरी, तांबडी अशी ती मैलोनमैल उभी असते. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येऊ देत नाही, धूर गिळते, टँकर आला तर पिते, नाही आला तर रुसत नाही. गुरेही तिच्या वाटेला जात नाहीत. का जात नाहीत, हे मी त्या वेळी विचारायला हवे होते.

मामांनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन फांद्या कापून दिल्या. श्रावणातला दिवस होता. खालची पाने काढून मी दोन फांद्या इमारतीच्या कुंपणाजवळ मातीत खोचल्या. तिसरी बाटलीतल्या पाण्यात ठेवली आणि नेहमीप्रमाणे विसरलो. महिन्याभराने पाहतो तो बाटलीत पांढरी मुळे! आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या विसराळूपणाला फळ आले होते.

मग मी तिचा अभ्यास सुरू केला. (झाड जगले की माणसाला अभ्यास सुचतो. मेले की तो नर्सरीवाल्याला शिव्या देतो.) कण्हेरीचे पान चामड्यासारखे चिवट असते, हे दिसतेच. पण खरी गंमत पानाच्या पाठीला आहे. तिची श्वास घ्यायची रंध्रे उघड्यावर नसतात. बारीक खळग्यांत, लवीच्या पडद्याआड दडवलेली असतात, म्हणून आतले पाणी उन्हाने उडून जात नाही. आमची आजी कपाटाची किल्ली अशीच ठेवायची. कपाटाला कडी, आत डबा, डब्यात पुरचुंडी आणि पुरचुंडीत किल्ली. मे महिन्यात आमच्या टाकीतले पाणी संपायचे, पण आजीची किल्ली आणि कण्हेरीचा ओलावा कुणाला सापडला नाही.

दोन वर्षांत तिन्ही झाडे माझ्या डोक्याच्या वर गेली. बारा महिने हिरवी आणि बहर आला की पाने शोधावी लागतील इतकी फुले. लोक येता-जाता विचारू लागले, “कुणी लावली?” मी मान खाली घालून “मीच” म्हणायचो. विनयाने मान खाली घालण्याची संधी बागकामात मला पहिल्यांदाच मिळत होती.

तेवढ्यात सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आली. पार्किंगचा विषय संपला. संपला म्हणजे पुढच्या वर्षावर गेला. मग तळमजल्यावरचे निवृत्त संस्कृत शिक्षक उठले. “कुंपणालगत जे लावलं आहे,” ते म्हणाले, “त्याला आपल्या निघंटूंत काय म्हणतात, ठाऊक आहे का? अश्वमारक!”

सभेत शांतता पसरली. पान, फूल, खोड, मूळ, चीक, सगळे विषारी. विषाचा मारा थेट हृदयावर. फांद्या जाळल्या तर धूरसुद्धा वाईट. गुरुजींनी एकेक अवयव बोटावर मोजून सांगितला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. बारा वर्षे झाडे मारणाऱ्या माणसाला अखेर तोडीस तोड भेटले होते. मी तिला मारू शकत नव्हतो आणि ती मला मारू शकत होती. काही जुन्या संसारांचा पाया असाच असतो.

“पण गुरुजी,” मी म्हणालो, “आपल्याकडे घोडा नाही.”

हे वाक्य इतिवृत्तात नोंदले गेले आहे. ठराव असा झाला की, झाडे राहावीत, लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असल्याची खात्री करावी, छाटणी हातमोजे घालून करावी आणि पाटी लावावी. मी पाटी लावली: ‘विषारी झाड. फुले-पाने तोंडात घालू नयेत.’

पाटीने मुलांना धाक बसला, फुलचोरांना नाही. पहाटे साडेपाचला कानटोपी घालून येणाऱ्या एका काकांना मी रंगेहाथ पकडले. पिशवीत ओंजळभर तांबडी फुले.

“काका, पाटी वाचलीत का?”

“वाचली ना. पण मी महादेवाला वाहतो. त्यानं हलाहल पचवलं, त्याला हे काय जड आहे?”

मी निरुत्तर झालो. हात मात्र धुवा, एवढेच सांगू शकलो.

कण्हेरीचे गोत पाहिले तर चाफा, तगर, सदाफुली सगळे तिचे सोयरे, सगळे चीकवाले. संस्कृतात तिला करवीर असेही म्हणतात आणि कोल्हापूरचे जुने नाव करवीर. हे कळल्यावर तिच्या जहाल स्वभावाचे मला नवल वाटेनासे झाले. जपानात तर तिचा मान वेगळाच. अणुबाँबने जळालेल्या हिरोशिमात सर्वांत आधी फुलली ती कण्हेर, असे तिथले लोक सांगतात. १९७३ पासून ती त्या शहराचे अधिकृत फूल आहे. अणुबाँब जिथे हरला तिथे माझ्या हाताचा अवगुण काय टिकणार!

एवढ्या विषारी झाडाला कीड कशाला लागेल, असा माझा समज होता. आधी शेंड्यांवर पिवळा मावा आला. निंबोळीचे तेल फवारले. मग करंगळीपेक्षा जाड हिरवी अळी आली, शेपटीला शिंग, पाठीवर दोन निळे डोळे. डोळे खोटे, भूक खरी. आणि एके दिवशी बायकोने हाक मारली, “अहो, इकडे या. कुणाचं तरी कानातलं अडकलंय फांदीत.” पाहिले तर पानाखाली चांदीचा लखलखीत लोलक लोंबत होता. तो फुलपाखराचा कोष होता. काही दिवसांनी त्यातून काळसर तपकिरी, कडेला पांढरे ठिपके असलेले फुलपाखरू निघाले. या जातीची अळी पानांतले विष अंगात साठवते, म्हणून पुढे फुलपाखरालाही पक्षी सहसा तोंड लावत नाहीत. बायको मात्र आठवडाभर म्हणत होती, “असंच कानातलं हवं होतं.”

परवा आमच्या इमारतीत लग्न होते. संध्याकाळी गॅलरीत आलो आणि छातीत धस्स झाले. वरातीची घोडी, गोंडे-झुली लेवून, नेमकी कण्हेरीजवळच्या खांबाला बांधलेली! इतिवृत्तातले माझे वाक्य डोळ्यांपुढे नाचले. अनवाणीच खाली धावलो आणि घोडी व झाड यांच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो. वऱ्हाडी मोबाइलवर चित्रीकरण करू लागले.

घोडीवाल्याने शांतपणे तंबाखू मळत माझ्याकडे पाहिले. घोडीने पुढ्यातल्या फांदीचा वास घेतला, नाक फेंदारले आणि मान फिरवली.

“हिरव्या कण्हेरीला ती तोंड लावत नाही, साहेब,” तो म्हणाला. “कडू असते ना. पण वाळलेला पाला चाऱ्यात गेला तर जनावराला कळत नाही, आणि विष जसंच्या तसं असतं. तेवढा झाडून ठेवा.”

मग दोर सोडून त्याने घोडी पलीकडच्या खांबाला बांधली. तेव्हापासून मी रोज सकाळी कण्हेरीखालचा वाळका पाला वेचतो.