आमच्या थंडीचा ताळेबंद

सरकारच्या ज्या थोड्या निर्णयांविषयी डहाणूकराच्या मनात निखळ कृतज्ञता वसते, त्यांत हवामान खात्याने थंडीच्या लाटेची जी व्याख्या करून ठेवली आहे तिचा क्रमांक फार वरचा लागेल. डोंगराळ मुलखात पारा शून्यावर आल्यावाचून आणि सपाटीवर तो १० अंशांपर्यंत उतरल्यावाचून ज्या खात्याच्या दफ्तरी लाटेची नोंद होत नाही, त्याच खात्याने समुद्रकाठच्या रयतेची नाजूक प्रकृती ध्यानी घेऊन, किमान तपमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलेले असल्यास १५ अंशांवरही लाट जाहीर करण्याची मुभा ठेविली आहे. लडाखच्या मनुष्याला ज्या हवेत अंगावरची लोकर उतरवून ठेवावीशी वाटेल, त्या हवेत आमच्या मनुष्याला सरकारमान्य रीतीने कुडकुडता येते. असा हक्क एकदा पदरी पडला म्हणजे तो बजाविल्यावाचून राहवत नाही; आणि हक्क बजावावयाचा म्हटला की खर्च आलाच.

ही थंडी मूळची आमच्या घरची नव्हे, ती उत्तरेकडून येते, याविषयी डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत एकमत आहे. १९६० साली द्विभाषिक राज्याची वाटणी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. परंतु त्या वाटणीची नक्कल उत्तरेच्या वाऱ्यावर कोणी बजाविलेली दिसत नाही. मालमोटारींचे कागद तपासण्याकरिता अच्छाड येथे जो नाका आहे, तेथूनच तो वारा बिनपरवाना आणि बिनजकात आत शिरतो, तलासरी, उधवा, धुंदलवाडी या भागांवर प्रथम मनमुराद अंमल गाजवितो, आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या ओलांडून डहाणूच्या किनाऱ्याशी पोहोचेतो समुद्राच्या सहवासाने त्याचे तेज इतके उतरलेले असते, की त्याला थंडी म्हणावे की नुसता गारवा, हा प्रश्न निःपक्षपाती मनुष्याला पडावा. तलासरीकर तो पडू देत नाहीत. "डहाणूला कसली आली आहे थंडी!" असे ते जाहीरपणे म्हणतात, जव्हारचे लोक हेच वाक्य तलासरीस उद्देशून म्हणतात, आणि जव्हारकराची नाशिककराशी गाठ पडली म्हणजे त्यालाही ते निमूटपणे ऐकून घ्यावे लागते.

या वादात उष्णतामापक यंत्र पुढे करण्याचा अरसिकपणा कोणी करीत नाही. आमच्या घरी निवाडा होतो तो खोबरेल तेलाच्या बाटलीवर. हवा सुमारे २४ अंशांच्या खाली गेली की खोबरेल थिजू लागावे, हा त्या तेलाचा स्वभावधर्म असल्यामुळे, ज्या सकाळी बाटली उपडी धरूनही थेंब पडत नाही, त्या सकाळी थंडी रीतसर रुजू झाल्याचे आमच्या कुटुंबात घोषित होते. माळ्यावरची पेटी खाली येते, पंखे बेमुदत तहकूब होतात आणि मुलांची अंघोळ हा ऐच्छिक विषय बनतो. पहाटेच्या लोकलने मुंबईस नोकरीला जाणारी मंडळी माकडटोपी, मफलर आणि हातमोजे अशा लवाजम्यानिशी डहाणू रोड स्थानकावर हजर होतात. ही लोकल २०१३ साली सुरू झाली, आणि तिने थंडीची दक्षिण सीमा निश्चित करून दिली हा तिचा दुय्यम लाभ मानला पाहिजे. कारण वैतरणेचा पूल मागे पडला की माकडटोप्या खिशात जाऊ लागतात, विरारला मफलर सुटतात आणि बोरिवलीला तीच मंडळी पंखा लागत नाही म्हणून परस्परांवर डाफरू लागतात.

थंडीचा पहिला खर्च न्हाणीघरात पडतो. आमच्या पडवीत आजोबांच्या वेळचा एक तांब्याचा बंब आहे. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी आणि पोटाशी पितळी तोटी, एवढाच त्याचा संसार. परंतु पाणी तापविण्याच्या कामी मनुष्याच्या बुद्धीने याहून समजूतदार यंत्र निर्माण केले असेल असे मला वाटत नाही. वाडीत जे जे निरुपयोगी ठरेल ते ते त्याला चालते: नारळाची सोडणे, करवंट्या, झावळ्यांचे देठ, चिकूच्या वाळक्या काटक्या, सुरूची बोंडे, आणि परीक्षेचा निकाल लागून गेल्यानंतर मुलांच्या वह्या. इंधन फुकट असले तरी मनुष्यबळ मात्र त्याला सढळ हाताने लागे. एकाने जाळ घालावा, एकाने फुंकावे, एकाने धूर झाला म्हणून ओरडावे आणि एकाने खांद्यावर पंचा टाकून दाराशी आपल्या पाळीची चौकशी करीत उभे राहावे, अशी कामाची वाटणी असून तीत घरातील कोणीही रिकामा राहत नसे. पुढे विजेचा गीझर आला आणि ही सारी मंडळी एका दिवसात बेकार झाली. गीझर धूर करीत नाही, ओरडत नाही, कोणास फुंकावयास लावीत नाही. त्याची जी काही तक्रार असते ती महिन्याच्या अखेरीस छापील स्वरूपात येते.

त्या छापील कागदाचे वाचन हे आमच्या घरी कुटुंबप्रमुखाचे काम समजले जाते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सर्वांवर शेकडा १६ प्रमाणे वीज शुल्क. इतके आकार एका कागदावर एकवटलेले पाहून ज्याला निराकाराची ओढ लागणार नाही असा गृहस्थ विरळा. त्यातच शंभर युनिटांची वेस ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो, अशी तजवीज असल्यामुळे, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या न्हाणीघराच्या दारावर अघोषित पहारा बसतो, आणि ज्याला कढत पाणी पाहिजे त्याने आपल्या पडशाची हकिकत सविस्तर सादर करावी लागते.

विजेचा विषय निघाला म्हणजे डहाणूचा मनुष्य सहज मान वर करतो, आणि त्याला चिमणी दिसते. खाडीकाठच्या औष्णिक वीजकेंद्राची ही चिमणी २७५ मीटर उंच आहे, आणि तिच्या पायथ्याशी प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच १९९५ पासून कोळसा जाळीत आहेत. १९९१ साली केंद्र सरकारने आमचा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. आजारी मनुष्य झोपला असता कोणी मायेने त्याच्या उशाशी कोळशाची शेगडी आणून ठेवावी, तसा हा योग जुळून आला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले, आणि धुरातील गंधक धुऊन काढणारी यंत्रणा या केंद्रास बसवावी लागली, ही सर्व हकिकत समाधानाची आहे. परंतु शेगडी उशाशी असूनही तिची ऊब आमची नव्हे. ती वीज उंच मनोऱ्यांवरून, आमच्या कौलांवरून नि वाड्यांवरून, मुंबईच्या उपनगरांत जाते, आणि तेथे, भर जानेवारीत, खोल्या गार करण्याच्या कामी येते.

यात नवे असे काही नाही. मुंबईस इंधन पुरविणे हे या मुलखाचे पिढीजाद वतन आहे, फक्त त्याची सनद कोणी पाहिलेली नाही. इंग्रजी अमदानीत येथल्या जंगलांतले लाकूड आणि कोळसा मुंबईच्या चुलींना जाई, आणि तेथील तबेल्यांतल्या जनावरांना गवतही येथूनच जाई. ते लाकूड तोडणारा आणि ते गवत कापणारा वारली मात्र वेठीला धरलेला असे; १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभा यांच्या मागे उभे राहून त्याने वेठ नाकारली आणि मजुरीचा दर मागितला, तेव्हा या वतनाचा खरा खर्च कोण सोसतो हे प्रथमच उघडपणे बोलले गेले. वतन अद्याप चालू आहे. माल तेवढा बदलला.

आमच्या वाडीवर कामास येणारे एक वयोवृद्ध वारली गृहस्थ आहेत. एका सकाळी मी स्वेटर, शाल आणि माकडटोपी अशा संपूर्ण पोशाखात ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो असता त्यांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि काळजीच्या सुरात विचारले, "दादा, घरात विस्तव नाही का?" या प्रश्नाला गीझर हे उत्तर होऊ शकत नाही, हे मला तत्काळ उमजले. त्यांच्या पाड्यावर, कुडाच्या भिंतींच्या घरात, चूल हीच स्वयंपाकघर, दिवा आणि पांघरूण अशी तिहेरी नोकरी करते, आणि थंडीचा हिशेब युनिटांत न होता मोळ्यांत होतो. मोळीवर इंधन समायोजन आकार नसतो हे खरे. पण ती रानातून आणणारी बहुधा स्त्रीच असते, आणि वहन आकार तिच्या मानेवर पडतो. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाल्यानंतर पाड्यांवर १४.२ किलोचे सिलिंडरही आले. ते पुन्हा भरून आणावयाचे म्हटले म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी एकरकमी मोजावी लागत असल्यामुळे, पाहुणे आले असता अथवा पावसाने लाकडे भिजली असता उपयोगी पडणारी वस्तू, असा त्यांचा मान राखला जातो.

एका हिवाळ्याविषयी मात्र मला थट्टा करवत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरापासून तलासरी आणि डहाणू या तालुक्यांत जमीन हलू लागली, धुंदलवाडीचे नाव रोजच्या बातम्यांत आले, आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ रिश्टरचा धक्का बसला. रात्री भिंतीखाली निजण्याचा धीर न होऊन माणसे मुलाबाळांसह तंबूत आणि उघड्या अंगणात झोपू लागली. घरात विस्तव होता, पण घरात जाववत नव्हते. त्या मोसमात तलासरीकराने डहाणूच्या थंडीला हसल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझा पुतण्या इंग्लंडात लीड्स येथे असतो. पूर्वी भर डिसेंबरात चलच्चित्रासह त्याचा फोन येई तेव्हा तो अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात बसलेला असे आणि इकडे मी टोपीसकट. त्याच्या खिडकीबाहेर बर्फ आणि माझ्या खिडकीबाहेर नारळ असूनही, दोघांतला थंड प्रदेशाचा रहिवासी कोणता हे परक्याने माझ्याकडेच बोट दाखवून सांगितले असते. २०२२ च्या ऑक्टोबरात हे चित्र पालटले. तेथील नियामकाने सर्वसाधारण कुटुंबाच्या गॅस-विजेच्या वार्षिक खर्चाची मर्यादा ३,५४९ पौंड ठरविली, सरकारने मध्यस्थी करून ती २,५०० पौंडांवर आणली, आणि तरीही तो आकडा एवढा भयंकर होता की पुतण्याने घरातील एक खोली सोडून बाकीच्यांची उष्णता बंद केली. त्यामुळे स्वतंत्र खोल्यांचा आग्रह धरणारी त्याची मुले एका दिवाणखान्यात आली, सूनबाई तेथेच काम करू लागली, आणि जी एकत्र कुटुंबपद्धती त्याच्या आजोबांच्या उपदेशाने टिकली नव्हती ती इंधनाच्या भावाने पुन्हा प्रस्थापित झाली.

"काका, तिकडे किती आहे?" त्याने विचारले.

"सतरा," मी खोल गेलेल्या आवाजात म्हणालो.

"इथेही सतराच."

"बर्फ पडत असताना सतरा?"

"घरातले सांगतो आहे, काका. बाहेर उणे दोन आहे. हे सतरा मी पौंड मोजून विकत घेतले आहेत."

ज्या वस्तूच्या नावाने मी गेली कित्येक वर्षे घरात सहानुभूती गोळा करीत आलो, तीच वस्तू माझा पुतण्या मोल देऊन आणतो, हे ऐकून माझ्या थंडीचा थोडा अपमान झाला हे नाकारून चालणार नाही. त्या संतापातच मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि हिवाळा आपल्याला किती रुपयांना पडतो याचा एकदाचा छडा लावावयाचे ठरविले. २,००० वॉटचा गीझर दररोज अर्धा तास, म्हणजे एक युनिट, महिन्याला ३०. हा खर्च. उलट, ७५ वॉटचे चार पंखे उन्हाळ्यात किमान बारा तास फिरतात, म्हणजे दिवसाला ३.६ युनिटे, महिन्याला १०८. हे पंखे हिवाळ्यात तहकूब, सबब तेवढी बचत. वजाबाकी पुन्हापुन्हा तपासून पाहिली, पण ती बदलेना: थंडी आमच्या घरात दरमहा ७८ युनिटांची बचत करते. मे महिन्याचे बिल काढून जानेवारीच्या बिलाशेजारी ठेविले, त्याचीही साक्ष हीच. जिच्या खर्चाविषयी मी मार्गशीर्षापासून माघापर्यंत उसासे टाकतो, ती आमच्या कुटुंबातील कमावती व्यक्ती निघाली.

हा निष्कर्ष मी रात्रीच्या जेवणानंतर सर्वांसमक्ष वाचून दाखविला. मुलांनी गीझरवरील पहारा तत्काळ उठविण्याची मागणी केली. कुटुंबाने कागद हाती घेऊन आकडे नजरेखालून घातले आणि शांतपणे विचारले, "अहो, ही ७८ युनिटे वाचली म्हणता, तर त्यांचे पैसे ठेवलेत कुठे?"

मी स्वयंपाकघरातील सिलिंडराकडे बोट दाखविले. हिवाळ्यात तो नेहमीच्या मुदतीच्या अगोदर संपतो, ही वस्तुस्थिती तिनेच अनेकदा निदर्शनास आणलेली होती. वालपापडी आणि कंद उकडण्याचे दिवस, ओल्या तुरीच्या शेंगा, रात्रीची गरम खिचडी, आणि आले घातलेला चहा, इतक्या मार्गांनी विजेची शिल्लक गॅसच्या खात्यात वळती होते, असे मी विवरण केले.

"चहा कोण मागतो?" तिने विचारले.

या मुद्द्यावर साक्षीपुरावा घेण्याची वेळ आली तर तो एकजात माझ्याविरुद्ध जाईल हे ओळखून मी बैठक बरखास्त केली. तिने कागद उलटा केला, आणि माझ्या वजाबाकीच्या पाठीवर दुसऱ्या दिवसाच्या बाजाराची यादी लिहावयास घेतली: आले पाव किलो, गवती चहा, साखर.