संदर्भ हवा, पुरवणी मिळेल

विकिपीडिया एकतर्फी आहे याबद्दल सांगलीत सर्वपक्षीय एकमत आहे. कृष्णेत सांडपाणी ओतणाऱ्या शेरीनाल्यावरसुद्धा एवढं कधी झालं नव्हतं. डाव्यांच्या मते तो उजवा, उजव्यांच्या मते डावा. आमच्या गल्लीतल्या आण्णांनी त्यावरचा एकही लेख शेवटपर्यंत वाचलेला नाही, त्यामुळे त्यांचं मत सर्वांत ठाम आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ पाहून महाराष्ट्र डोळे पुसत थिएटरबाहेर आला आणि मोबाइलवर विकिपीडियाचा संभाजी महाराजांवरचा लेख उघडून बसला. मजकूर आक्षेपार्ह निघाला. सायबर पोलिसांनी विकिपीडिया चालवणाऱ्या थेट अमेरिकेतल्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस धाडली, काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. आण्णा खूश. “आता कळंल म्हणावं, कुणाच्या नादाला लागलाय ते!”

मी म्हटलं, “आण्णा, वर ‘संपादन’ म्हणून बटण असतंय. चूक काढायची, पुराव्याचं पुस्तक जोडायचं.”

“म्हंजे पुस्तक आपणच वाचायचं?”

त्यापेक्षा नोटीस बरी पडते.

खरं तर शंभूराजांवर किटाळ आणणारा गडी शोधायला अमेरिका गाठायची गरज नव्हती. साताऱ्यापर्यंत एसटी जाते. मल्हार रामराव चिटणीसांनी तिथे १८१० च्या सुमारास बखर लिहिली, महाराज जाऊन सव्वाशे वर्षं झाल्यावर. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना याच राजांनी १६८१ मध्ये देहान्त शिक्षा दिलेली. घरचं दुखणं आणि दरबारची लेखणी एकाच हातात! तेव्हा मजकुरापुढे ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लावायची सोय नव्हती. पुढे नाटकवाल्यांनी तेच चित्र रंगवून रंगवून नाचवलं. वा. सी. बेंद्र्यांनी चाळीसएक वर्षं कागद धुंडाळले आणि १९६० मध्ये चरित्र छापून ते खोडून काढलं. नोटीस एकही काढली नाही. बिचाऱ्यांना सायबर शाखा उपलब्ध नव्हती.

त्याच १९६० मध्ये शासनाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ नेमलं आणि त्यातून वाईला मराठी विश्वकोश उभा राहिला. पहिला खंड १९७६ ला, विसावा २०१५ ला. पक्षपाताचा आरोप करत वाईवर मोर्चा गेल्याचं काही मला आठवत नाही. वीस खंड चाळल्याशिवाय भावना कुठल्या पानावर दुखावल्या ते सांगता येत नाही. तर्कतीर्थ दूरदृष्टीचे खरे.

ईलॉन मस्क यांनाही विकिपीडिया फार डावा वाटला. त्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये यंत्राकडून लिहून घेतलेला ग्रोकिपीडिया काढला. आपल्या सहकारातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. संचालक मंडळात डाळ शिजेना, की शेजारच्या तालुक्यात स्वतःचा कारखाना काढायचा.

आण्णांच्या साहेबांना एवढा खर्च झेपणारा नाही. साहेब यंदा निवडणुकीला इच्छुक आहेत. कार्यकर्त्यांनी विकिपीडियावर त्यांचा लेख चढवला: ‘कृष्णाकाठचे विकासपुरुष, तरुणांच्या गळ्यातील ताईत.’ दुपारपर्यंत कुणीतरी त्यापुढे ‘संदर्भ हवा’ डकवलं. साहेब कडाडले, “पक्षपात!” दोन दिवसांनी त्यांचा वाढदिवस होता. पेपरची रंगीत पुरवणी निघाली. मजकूर जाहिरात विभागाने विकिपीडियावरूनच उतरवून घेतला. संध्याकाळी लेखाखाली संदर्भ आला: वाढदिवस पुरवणी, पान तीन. पाटी गेली.

आण्णा म्हणाले, “आता जरा निःपक्ष वाटाय लागलाय.”