घरगुती बाटली

नववर्षाच्या भेटीत आता काजूकतली मागासलेली ठरते. दुकानातली व्होडका बरणीत ओतायची, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि मूठभर साखर घालायची, दोन-तीन आठवडे अंधाऱ्या कपाटात मुरवायची, गाळायची आणि बाटलीच्या मानेला सुतळी बांधून ‘खास घरी बनवलेली’ म्हणून वाटायची. घरचं त्यात काय? सुतळी.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्यात पिण्याचा परवाना मिळतो तो आरोग्य टिकवण्यासाठी! म्हणजे फळ घातल्यावर ही भेट दुप्पट पथ्याची.

पाड्यावर कुणी मोहाची गाळली, की ती हातभट्टी. मडकी फोडायला पोलीस हजर. सोसायटीत चहाच्या गाळणीतून गाळली, की ती कला. आणि फोटोला पहिला लाइक साहेबांचाच.