पुणतांब्याला समुद्र नाही, याला मी जबाबदार नाही

पुणतांब्याला समुद्र नाही. ही गोष्ट मी इतकी वर्षं दडवून ठेवली, असं माझ्या धाकट्या बहिणीचं म्हणणं आहे. ती याच गावात जन्मली, इथेच शिकली, तेव्हा तिला हे ठाऊक असायला हरकत नव्हती. पण ती लग्न होऊन पुण्याला वाकडला गेली, तिची नणंद लग्न होऊन इंग्लंडला गेली, आणि या दोन लग्नांचा आहेर दर मे महिन्यात मी करतो.

यंदा भाचा आणि भाची यायच्या आधी त्यांची यादी आली. नणंदेने तिच्या मुलांना ब्लॅकपूलला नेलं होतं. ब्लॅकपूल म्हणजे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं, पोराबाळांना घेऊन जायचं गाव. तिथल्या मौजेचे चौऱ्याऐंशी फोटो बहिणीच्या मोबाईलवर उतरले. त्यातून तिने सात कलमं काढली आणि माझ्याकडे पाठवली. वाळूचा किल्ला. लाटा बघणे. गाढवावरची सैर. खेकडे धरणे. ट्राम. मनोरा. साखरेची कांडी. खाली लिहिलं होतं, ‘दादा, फार काही नको. साधंच बघ.’

मी साधंच बघायला घेतलं.

वाळू या विषयावर पुणतांब्याच्या माणसाशी जरा बेतानेच बोलावं. आमच्या लहानपणी गोदावरीच्या पात्रात पळताना घोट्यापर्यंत पाय रुतायचे. आता पात्रात खड्डे आहेत आणि वाळू शहरांच्या स्लॅबमध्ये आहे. ती रात्री डंपरने गेली, आणि गावात ती जाताना कोणीही पाहिली नाही. बहिणीच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आमची गोदावरी थोडीफार असणारच, शंका असेल तर तिने भिंत खरवडून बघावी. म्हणजे वाळूचा किल्ला बांधून झालेला आहे. ती त्यातच राहते आणि त्याचे हप्ते भरते. हे मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘विषय बदलू नकोस.’

मग शेजारच्या बांधकामावर अर्धा ब्रास क्रश सँड पडली होती, तिथे पोरांना नेलं. ही वाळू म्हणजे दगडाचा चुरा. बुरूज केला की घसरतो, तट केला की बसतो. भाच्याने बादलीभर पाणी ओतलं तेव्हा पायापासून सगळं वाहून गेलं. भाचीच्या हाताला मांजराने पुरून ठेवलेलं काहीतरी लागलं. घरमालक बाहेर आला, ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ब्रासचा चालू भाव सांगून आत गेला. पहिलं कलम निकालात निघालं.

लाटांचं प्रकरण जरा मोठं आहे. ब्लॅकपूलला समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि केव्हा येणार याचं छापील वेळापत्रक मिळतं. इकडे कालव्याला पाणी येतं ते आवर्तनाने. आवर्तन कधी सुटणार हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि बैठक कधी होणार हे ती होऊन गेल्यावर पेपरात येतं. नदीचा न्याय आणखी वेगळा. नांदूर मधमेश्वरहून जायकवाडीकडे पाणी सोडलं की ते आमच्या घाटाच्या पायऱ्यांना लागून पुढे जातं. पाणी आमचं नसतं, वाट तेवढी आमची. तेही पावसाळ्यात नाहीतर दिवाळीच्या आसपास. मे महिन्यात घाटाखाली एक डोह उरतो आणि डोहात म्हशी बसलेल्या असतात.

तरी मी मुलांना संध्याकाळी घाटावर नेलं. हा घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला. आता जिल्ह्यालाही त्यांचंच नाव आहे, त्यामुळे मी थोडा इतिहास सांगावा म्हणून घसा साफ केला. भाचा म्हणाला, ‘मामा, लाटा?’ त्याच क्षणी एक म्हैस उठली. पाणी हललं, वर्तुळं पसरत काठाला आली, दोन पायऱ्या ओल्या झाल्या. मी म्हटलं, ही बघ. अर्ध्या तासात चार लाटा आल्या. पाचवीच्या वेळी गुराखी येऊन सगळा समुद्र घरी घेऊन गेला.

गाढवाच्या कलमाने मात्र मला अभ्यासाला बसवलं. ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर मुलांना गाढवावर बसवून फिरवण्याचा धंदा फार जुना आहे, आणि त्या गाढवांसाठी १९४२ साली रीतसर नियम केले गेले. सकाळी दहा ते संध्याकाळी सात एवढंच काम. दुपारी जेवणाची एक तास सुट्टी. शुक्रवारी पूर्ण सुट्टी. १९४२ म्हणजे दुसरं महायुद्ध भरात होतं, इकडे आपण इंग्रजांना ‘चले जाव’ म्हणत होतो, आणि तिकडे ते गाढवांची जेवणाची सुट्टी ठरवत बसले होते. त्यांचं राज्य इतकं का टिकलं आणि शेवटी का गेलं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं यातच असावीत.

हे नियम मी दूध घालायला आलेल्या शेजाऱ्यांना वाचून दाखवले. ते पहाटे चारला धारा काढायला उठतात, रात्री लाईट आली की मोटार चालू करायला रानात जातात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘शुक्रवारी पूर्ण सुट्टी?’ म्हणाले. मी हो म्हटलं. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘भरती कधी निघते?’

आता गाढव आपल्या जिल्ह्यात नाही असं नाही. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, लांबलांबून लोक येतात. पण तो रंगपंचमीच्या सुमारास. मे महिन्यात भाच्याला सुट्टी लागेपर्यंत सगळी गाढवं कामाला लागलेली असतात. म्हणून मी एका वीटभट्टीवर चौकशी केली. मालकाने वजन विचारलं. भाचा तीस किलो. त्याने मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाला, ‘म्हणजे दहा विटा. खेपेचा दर जो आहे तोच लावतो.’ व्यवहार चोख होता. पण तेवढ्यात बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिने गाढव पाहिलं, गाढवाने तिला पाहिलं. मग तिने हेल्मेट आहे का विचारलं. मालकाला वाटलं गाढवासाठी विचारताहेत. तो म्हणाला, ‘त्याला सवय नाही, ताई.’ कलम रद्द झालं.

खेकडे पहिल्या पावसानंतर निघतात. मे महिन्यात ते बिळात असतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

ट्रामची मला काळजी नव्हती, कारण रेल्वे हा आमचा मानबिंदू आहे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ पासूनचा. ब्लॅकपूलची ट्राम १८८५ ची, म्हणजे सात वर्षांनी आम्हीच मोठे. त्यात २००९ पासून शिर्डीचा फाटा आमच्याकडून फुटतो, त्यामुळे आम्ही जंक्शन झालो. मुंबईहून साईनगर शिर्डीला जाणारी वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, तीही इथूनच जाते. मी मुलांना मुद्दाम तिच्या वेळेला नेलं. आली. पांढरी, निळी, काचा बंद, आतले लोक थंडगार. भाचीने हात हलवला. गेली. भाच्याने विचारलं, ‘थांबली का नाही?’ मी म्हटलं, थांबत नाही. ‘मग कुठे थांबते?’ शिर्डीला. ‘नदीचं पाणी कुठे थांबतं?’ जायकवाडीला. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, ‘मग इथे काय थांबतं?’ मी म्हटलं, तुम्ही. पंधरा दिवस.

मनोऱ्यावर वेळ घालवला नाही. ब्लॅकपूलचा मनोरा १८९४ चा, आयफेल टॉवर बघून बांधलेला. आमचा मोबाईल कंपनीचा, कोणाचंही न बघता बांधलेला. वर चढता येत नाही, पण मुलं दिवसभर त्याच्याच कृपेवर होती. गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात दोन कांड्या रेंज येते हे मला या घरात पन्नास वर्षं राहून कळलं नव्हतं, ते त्यांनी पहिल्या दुपारी शोधून काढलं.

साखरेची कांडीही अशीच. तिकडे कांडीत आरपार गावाचं नाव असतं, कुठेही तोडा, अक्षरं दिसतात. इकडे आमच्याच राहाता तालुक्यात लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे सगळ्या महाराष्ट्राने तो कित्ता गिरवला. साखरेच्या बाबतीत आम्हाला कोणी शिकवू नये. पण आमच्या साखरेवर जे काही लिहायचं ते पोत्याच्या बाहेर लिहितात, आणि तेही ‘एस-३०’. मुलांना गुढीपाडव्याची उरलेली गाठी दिली. मुंग्यांनी त्यात आरपार काम केलेलं होतं, पण अक्षरं लागत नव्हती.

मग यादीबाहेरचं एक माझ्या मनचं केलं. पुणतांब्यात चांगदेव महाराजांची समाधी आहे. योगबळावर १४०० वर्षं जगलेले, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघालेले. असा माणूस ब्लॅकपूलकडे आहे का? मी ही गोष्ट रंगवून सांगितली. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली तिथपर्यंत मुलं टक लावून ऐकत होती. मग प्रश्न सुरू झाले. भिंत कुठे आहे? आळंदीला. वाघ कुठे आहे? वाघ आता नाही. तरी १४०० वर्षं ते करत काय होते? मी म्हटलं, तप. भाची म्हणाली, ‘इथेच?’ तिच्या आवाजात महाराजांबद्दल जी सहानुभूती होती ती मला आवडली नाही.

वाघ नाही म्हटल्यावर दोघांचे चेहरे इतके उतरले, की माझ्या तोंडून निघून गेलं, बिबट्या आहे, उसात. हे खरंच आहे. आमच्या भागात उसात बिबट्या असणं ही बातमी राहिलेली नाही. पण रात्री ते वाकडला कळलं. त्यानंतर फतवा निघाला की संध्याकाळी पाचनंतर मुलांनी बाहेर पडायचं नाही. उन्हामुळे पाचच्या आत बाहेर पडायचं नाही, हा फतवा आधीच लागू होता.

घरात बसून मुलं ऐकणार काय? मामाच्या गोष्टी. मी गावाचा अर्वाचीन इतिहास काढला. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप आमच्या गावातून सुरू झाला. ग्रामसभेत ठराव झाला, दूध रस्त्यावर ओतलं गेलं, शहरांत भाजी मिळेना, सरकारला चर्चेला बसावं लागलं. पुणतांबा हे नाव तेव्हा पहिल्यांदा टीव्हीवर शिर्डीच्या आधारावाचून आलं. हे सांगताना माझा ऊर भरून आला होता. त्यामुळे भाचा वहीत लिहून घेतो आहे याकडे दुर्लक्ष झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पेले दूध मोरीत ओतलेलं सापडलं. दारावर कागद चिकटवलेला होता. मागण्या अकरा. पहिली वायफायची, शेवटची समुद्राची. आमची ही म्हणाली, ‘सांगा अजून गोष्टी.’ दिवसभर अन्नत्याग झाला, त्यात बिस्किटं धरलेली नव्हती. रात्री अकराला मी भाच्याला एकट्याला गच्चीवर बोलावलं आणि कुल्फीच्या बोलीवर तोडगा काढला. त्याने संप मागे घेतला. सकाळी भाचीने जाहीर केलं की तिला विचारलेलं नाही, तडजोड तिला मान्य नाही, संप चालूच आहे. २०१७ लाही मुंबईत रात्रभर बोलणी होऊन पहाटे अगदी असंच झालं होतं. म्हणजे इतिहास मी नीट सांगितला होता.

पाच जूनला बहीण येऊन मुलांना घेऊन गेली. जाताना म्हणाली, ‘दादा, सातातलं एकही नाही झालं.’ मी चार लाटांचा उल्लेख केला. तिने गाडीची काच वर केली.

परवा तिचा फोन आला. शाळा उघडली आहे, बाईंनी ‘मी सुट्टीत काय केले’ यावर वीस ओळी लिहायला सांगितल्या होत्या. भाच्याने वर नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक घालून खाली पान कोरं ठेवलं. मी म्हटलं, तसंच दे. ज्यांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं त्यांची समाधी आपल्याच गावात आहे, आणि त्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या होत्या.

बाईंचं उत्तर दोन शब्दांत आलं. ‘पालकांनी भेटावे.’ बहीण म्हणते, या बाबतीत पालक मीच आहे. मंगळवारच्या गाडीने पुण्याला निघतो आहे.