बंपरखालचा इतिहास

खानदेशात लग्नसराई आणि ऊन एकदमच अंगावर येतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत गावातली प्रत्येक चारचाकी कुणाच्या ना कुणाच्या मांडवाशी उभी असते. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला ती हवीशी वाटते, ज्याच्याकडे आहे त्याला ती कुणाला देऊ नये असं वाटतं. या दोन वाटण्यांच्या मधल्या फटीत भाड्याच्या गाडीचा धंदा चालतो.

कायदा या धंद्याकडे फार मोठ्या नजरेने बघतो. स्वतः चालवायची गाडी भाड्याने द्यायची तर केंद्र सरकारच्या १९८९ च्या ‘रेंट अ कॅब’ योजनेप्रमाणे परवाना लागतो आणि त्यासाठी किमान ५० गाड्या पदरी असाव्या लागतात. अशा गाडीची पाटी काळी आणि तिच्यावरची अक्षरं पिवळी. लग्नसराईतल्या जळगावात मात्र बहुतेकांचा व्यवहार ‘ओळखीतली गाडी’ या योजनेखाली होतो. तिची पाटी पांढरी असते, परवाना तोंडी असतो आणि ताफ्यात गाडी एकच असते. तीही मालकाच्या भावाच्या नावावर.

आमचा प्रवेश या योजनेत झाला तो मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नामुळे. लग्न धुळ्याला. जळगाव ते धुळे अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, एसटी हवी तेवढी. पण सासुरवाडीला एसटीतून उतरलेल्या जावयाला पाणी मिळतं आणि गाडीतून उतरलेल्याला सरबत, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं. शिवाय आई म्हणाली, “या उन्हात मी एसटीत बसणार नाही.” मग मित्राच्या मित्राची एक चंदेरी गाडी ठरली.

गाडीमालक अगदी गोड माणूस. “भाऊ, घरचीच समजा,” असं म्हणत त्याने पाच हजार डिपॉझिट मोजून खिशात घातलं. मग एक कागद पुढे केला. त्यावर गाडीचं चित्र होतं, लहान मुलं काढतात तसं, चारी बाजूंनी. जुन्या ओरखड्यांच्या जागी फुल्या मारायच्या. मालकाने बघता न बघता डाव्या दारावर एक, मागच्या दारावर एक अशा दोन फुल्या मारल्या आणि खाली माझी सही घेतली.

तेवढ्यात बायकोने मोबाइल काढला होता. “अहो, बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय,” म्हणत तिने बंपरपासून सुरुवात केली. ती नुसतं चित्रीकरण करत नव्हती, धावतं वर्णनही करत होती. “आज तारीख अमुक, वेळ सकाळची, उजवा आरसा, खालून खरचटलेला. मागचा बंपर, डावा कोपरा, रंग जरा वेगळा दिसतोय.” तिने डिकी उघडायला लावली, स्टेपनी बघितली, वाकून चाकांच्या वरच्या कमानीही टिपल्या. मालकाचा चेहरा उतरला.

“वहिनी, विश्वास नाही का आमच्यावर?”

“आहे ना भाऊ, म्हणून तर पैसे आधी दिले,” ती म्हणाली. “तुमचा आमच्यावर किती आहे ते तुमच्या खिशात आहे.”

दुसऱ्याची गाडी हातात आली की रस्ता बदलतो. बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडताना समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला आपल्या डिपॉझिटवर चालून येतोय असं वाटलं. हा सुरतेकडून येऊन कोलकात्याकडे जाणारा महामार्ग. याचा तरसोद ते फागणे हा टप्पा चौपदरी होता होता इतकी वर्षं रखडला की त्या काळात जन्मलेली पोरं शाळेत गेली. त्यामुळे इथला माणूस खड्डा दिसला की न बोलता बाजूला घेतो. रस्ता गुळगुळीत लागला तर मात्र दचकतो. पाळधी, एरंडोल, पारोळा अशी गावं मागे पडत होती आणि मागून आई सारखी सांगत होती, “हळू चालव रे, लोकांची गाडी आहे.” आत बसलेली माणसं घरची होती, त्यांच्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

धुळ्यात शिरलं की जरा हायसं वाटतं. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने या शहराची आखणी करून सरळ, रुंद रस्ते पाडले. त्यांवर गाडी वळवायला जागा मिळते, निदान हातगाड्या लागेपर्यंत. आम्ही पांझरा ओलांडून देवपुरातल्या कार्यालयापाशी पोचलो, एका कडुनिंबाखाली गाडी रस्त्याच्या कडेला अगदी चिकटून लावली आणि आत गेलो. सरबत मिळालं. अक्षता पडल्या. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीवर यथेच्छ हात मारून बाहेर आलो, तर गाडीच्या मागच्या बंपरचा डावा कोपरा आत गेलेला, त्यावर बोटभर लांब चरा, आणि एका बाजूने बंपर क्लिपमधून निसटून जमिनीकडे झुकलेला.

पाच मिनिटांत तिथे नवरदेवाभोवती नव्हती एवढी गर्दी जमली. साक्षीदारही मुबलक होते. एकाने बँडवाल्यांच्या जनरेटरची गाडी मागे येताना पाहिली होती. दुसऱ्याने मोटारसायकल. तिसरे एक आजोबा शपथेवर सांगत होते, “म्हैस उनी व्हती.” म्हशीच्या शिंगाने असा आडवा चरा कसा जाईल, असं मी विचारलं तर म्हणाले, “ती वळनी ना भो!” जनरेटरवाला म्हणाला, आमची गाडी सकाळपासून जागची हललेली नाही. म्हैस जबाब द्यायला उपलब्ध नव्हती.

मग चर्चा वेगळ्याच दिशेला गेली. कुणीतरी पाटी वाचली. “एमएच १९ आहे ना, जळगावची. तिकडूनच ठोकून आणली असेल.” १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, पूर्वेचं मुख्यालय जळगाव, पश्चिमेचं धुळे. तेव्हापासून कुठलंही खापर फोडायला दोघांनाही शेजारचं डोकं हाताशी आहे. एमएच १८ आणि एमएच १९ यांच्यात एकाच आकड्याचं अंतर आहे, पण त्या दुपारी ते फार वाढलं. माझ्या मामेभावाने एमएच १८ च्या चालकांच्या वळण्याच्या पद्धतीवर जे मत मांडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सासऱ्यांना वेगळंच दुःख. “आमच्या दारात जावईबापूंच्या गाडीला लागलं!” गाडी जावईबापूंची नाही, हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती, सरबत त्या समजुतीवरच मिळालं होतं. मेव्हणा मात्र व्यवहारी. “दाजी, चला. ओळखीचा मिस्तरी आहे. मालकाला कळायच्या आत गाडी होती तशी करून देतो.”

मला मिस्तरी लोकांचा फार आदर वाटतो. ते काही बोलायच्या आधी बोट फिरवतात. या मिस्तरीने चऱ्यावरून आडवं नख ओढलं. नख अडकलं नाही तर चरा वरच्या पारदर्शक थरातच असतो, रबिंग करून निघतो. अडकलं तर खाली रंगापर्यंत गेलेला असतो आणि मग पॉलिश पेपर, प्रायमर, रंग, वरून पुन्हा पारदर्शक थर एवढं सगळं आलं. नख काही ठिकाणी अडकलं, काही ठिकाणी घसरलं. मिस्तरीने भुवया उंचावल्या. मग आत गेलेल्या कोपऱ्यावर उकळतं पाणी ओतलं. आजकालचे बंपर प्लॅस्टिकचे असतात. गरम पाण्याने ते मऊ पडतं आणि आतून हात घालून दाबलं की पोचा पुष्कळदा ‘टक्’ करून बाहेर येतो. इथे ‘टक्’ झालं नाही. ‘कर्र’ झालं आणि तळहाताएवढी एक खपली गळून जमिनीवर पडली.

मिस्तरी खाली बसला. खपली उचलून, उलटी करून बघत राहिला.

“भाऊ, ह्याले पहिलेच लांबी भरेल शे,” तो म्हणाला. “दोनदा ठोकेल शे ही गाडी.”

लांबी म्हणजे खड्डा बुजवायला भरतात ती पुट्टी. चंदेरी रंगाखाली लांबीचा थर, त्याखाली आणखी एक थर, आणि सगळ्यात तळाशी बंपरचा मूळ रंग. तो लाल होता. म्हणजे बंपर मुळात या गाडीचा नव्हताच. कुठल्या तरी लाल गाडीचा आयुष्य संपलेला अवयव हिला बसवला होता, मग पुन्हा ठोकला होता, मग पुन्हा बुजवला होता.

हे सगळं धुळ्यात घडावं यात मला न्याय दिसला. इतिहासाचार्य राजवाडे याच गावात १९२६ साली वारले. त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांसाठी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच उभं राहिलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढणाऱ्या माणसाच्या गावी मी अस्सल साधन हातात घेऊन उभा होतो. बायकोने खपली सगळे थर दिसतील अशी धरून फोटो काढला आणि ती आहेराच्या रिकाम्या पिशवीत जपून ठेवली. मिस्तरीने नवी क्लिप बसवली, कोपरा सरळ केला, वरवर रबिंग केलं. रंग लावायला मात्र ठाम नकार दिला. चंदेरी रंग जुळवणं सगळ्यात अवघड; उन्हात एक दिसतो, सावलीत दुसरा. आणि तो रंग लावला असता तर पुराव्यावर पुन्हा पडदा पडला असता. क्लिपसकट साडेचारशे रुपये घेतले.

जळगावला परतल्यावर गोड माणसाने गाडीभोवती एकच फेरी मारली आणि बरोबर डाव्या कोपऱ्यापाशी थांबला. देताना ज्याला काही दिसत नव्हतं त्याला घेताना मुंगीसुद्धा दिसत होती.

“भाऊ, हा तर नवीन बंपर लागणार. सहा हजार. रंगाचे तीन वेगळे.”

“विमा असेल ना?”

तो हसला. या हसण्यामागे बरंच काही असतं. विमा असला तरी छोट्या गाडीला पहिले हजार रुपये आपल्याच खिशातून जातात. घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ घेतलेलं नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत घसाऱ्यात कापली जाते, आणि दावा केला की पुढच्या वर्षीची नो क्लेम सवलतही जाते. म्हणून बंपरच्या चऱ्यासाठी शहाणा माणूस विमा कंपनीच्या वाटेला जात नाही. आणि पांढऱ्या पाटीच्या खासगी पॉलिसीत गाडी भाड्याने देणं मुळात बसतच नाही. तेव्हा दावा करायचा तर गाडी कुठे, कुणाकडे, कशासाठी होती हे लिहावं लागलं असतं. त्यामुळे या योजनेत विमा म्हणजे भाडेकऱ्याचं डिपॉझिट.

मी १८७२ च्या करार कायद्याचा आधार घेतला. कलम १५१ सांगतं, दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना सामान्य शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी. हा निकष ठरवणाऱ्यांना आपली माणसं माहीत नसावीत. आपल्याकडे सामान्य शहाणा माणूस नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक तीन वर्षं काढत नाही. तेवढी काळजी मी नक्कीच घेतली होती. कलम ७४ म्हणतं, करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी ती कमाल मर्यादा. मिळेल ती वाजवी भरपाई. मालक शांतपणे ऐकत होता. कायद्याने त्याच्या खिशातले पाच हजार जरासुद्धा हलले नाहीत.

मग बायकोने पिशवीतून खपली काढून बॉनेटवर ठेवली. चंदेरी बाजू वर. मग उलटी केली.

बराच वेळ कुणी बोललं नाही. तिने मोबाइल सुरू केला. “मागचा बंपर, डावा कोपरा, रंग जरा वेगळा दिसतोय,” असा तिचाच आवाज आला.

“हा बंपर नवा आणायचा असेल तर कुठल्या रंगाचा आणायचा भाऊ?” तिने विचारलं. “लाल की चंदेरी?”

“जाऊ द्या वहिनी,” मालक म्हणाला. “तुम्ही तर घरचेच.” डिपॉझिट परत आलं. त्यातून गाडी धुण्याचे तीनशे कापले होते, कारण घरच्यांकडूनही काहीतरी घ्यावं लागतं.

या सगळ्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. चऱ्याची किंमत चऱ्याच्या लांबीवर ठरत नाही आणि खोलीवरही ठरत नाही. पैसे ज्याच्या खिशात आहेत त्याच्या तोंडून ती ठरते. स्वतःच्या गाडीला असा चरा गेला तर आपण थुंकी लावून पुसून बघतो आणि सोडून देतो. तोच चरा भाड्याच्या गाडीवर सहा हजारांचा होतो. आणि तो आधीच्या भाडेकऱ्याकडूनही वसूल झालेला असू शकतो. आमच्याआधी त्या बंपरने किती लग्नं लावली आणि किती डिपॉझिटं पचवली, हे त्या दोन थरांवरून ज्याने त्याने समजून घ्यावं.

तेव्हा लग्नसराईत गाडी घेणाऱ्यांना एवढीच विनंती. गाडी सावलीत बघू नका, उन्हात काढायला लावा. आधी पाटीचा रंग आणि विम्याचा कागद बघा. कागदावरच्या फुल्या मालकाला मारू देऊ नका, तुम्ही मारा आणि त्याची सही घ्या. व्हिडिओ काढताना तारीख मोठ्याने बोला. समोरचा रुसला तर रुसू द्या. डिपॉझिट देताना तुम्ही रुसला नव्हतात. आणि काही लागलंच तर रंग लावायच्या आधी मिस्तरीला खरवडून बघायला सांगा. रस्त्याचं भाडं खुशाल द्या, दुसऱ्याच्या पोच्याचं देऊ नका.