शेपटीच्या चाकाचा कैवार

सेवानिवृत्त मनुष्याने पुढे काय करावे, याविषयी बुलढाण्यात एकंदर मतैक्य आहे. सकाळी राजूर घाटाच्या तोंडापर्यंत फेरफटका, सवडीने शेगावचे दर्शन आणि दुपारी कोणाच्या तरी फेरफाराच्या नोंदीसंबंधी विनामूल्य सल्ला, एवढ्यात महसूल खात्यातील अव्वल कारकुनाचे उर्वरित आयुष्य सुखेनैव व्यतीत व्हावे, अशी समाजाची अपेक्षा असते. त्यामुळे मी रेडिओच्या नियंत्रणाने उडणारे छोटे विमान घेणार आहे, ही वार्ता घरातून गल्लीत आणि गल्लीतून जुन्या कचेरीत जाऊन पोहोचली, तेव्हा माझ्या प्रकृतीची चौकशी करणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली.

विमान घ्यावे की नाही, हा प्रश्न सौभाग्यवतींच्या मौनाने निकालात निघाला. खरा तंटा उत्पन्न झाला तो चाकांवरून. पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवरून निक्षून बजावले, "मामा, पुढे नाकाखाली चाक असलेलंच घ्या. शेपटीच्या चाकाचं विमान नवशिक्याला जमिनीवर गरगरा फिरवतं." भाचा विद्वान आहे, आणि त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. शेपटीच्या चाकाच्या विमानात मुख्य दोन चाके पुढे आणि विमानाचा गुरुत्वमध्य त्यांच्या मागे असतो. सबब धावताना नाक किंचित एका बाजूस वळले, की मागचा भार त्या वळणास आवर न घालता उलट उत्तेजनच देतो. रिकामी बैलगाडी जू धरून मागे रेटण्याचा ज्यास अनुभव आहे, त्यास अधिक सांगणे नलगे. शिवाय मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा उड्डाणाच्या वेळी नाकास डावीकडे ओढतो, आणि त्यास उजव्या सुकाणूने, म्हणजे रडरने, हळुवार समज द्यावी लागते. नाकाखाली चाक असले, तर गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे येतो आणि विमान आपण होऊन सरळ धावू लागते.

परंतु हा सारा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत म्हणजे धावपट्टी. आमच्या जिल्ह्याची विभागणी घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख अशी आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूस मुरूम आणि दगडगोटे मुबलक. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, जिथे विहिरीचे पाणी खारट म्हणून त्या भागास खारपाणपट्टा म्हणतात, तिथे खोल काळी जमीन, जी उन्हाळ्यात अशी भेगाळते की नाकाखालचे नाजूक चाक एखाद्या भेगेत गेल्यास विमान तिथेच साष्टांग नमस्कार घालील. वर गोटे, खाली भेगा, आणि दोन्हीकडे कापणीनंतर राहिलेली सोयाबीनची धसकटे! पुढे रुंद अंतरावर दोन थोराड चाके, नाक आकाशाकडे, पंखा मातीपासून वीतभर उंच आणि मागे नावापुरते एक चाक, अशी अंगलट याच भूमीसाठी घडविली असावी, असे मला तिचे चित्र पाहताक्षणी वाटले.

आणि या पक्षाला पूर्वजांची साक्ष आहे. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईस टपाल आणले ते ज्या पुस मॉथमधून, तिचीही बैठक अशीच होती. प्रांट्ल यांच्यासारख्या आचार्याजवळ जर्मनीत अध्ययन करून आलेल्या डॉ. विष्णु माधव घाटगे या आपल्या मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली बंगलोरास सिद्ध झालेले आणि १९५१ साली प्रथम उडालेले एचटी-२ हे शिकाऊ विमानही शेपटीच्याच चाकाचे. पुढे १९५८ साली 'पुष्पक' आले, तेही मागे रेललेले आणि पंख डोक्यावर वागविणारे. नवशिक्या वैमानिकांच्या ज्या पिढ्या या यंत्रांवर तयार झाल्या, त्यांनी भाच्याचा सल्ला ऐकला नव्हता.

एका स्नेह्यांनी चाकेच नकोत, अशी तिसरी तजवीज मांडली. त्यांना मी लोणारचे उदाहरण दिले. आमच्या जिल्ह्यात आकाशातून झालेल्या अवतरणाचे ते सर्वांत जुने प्रकरण. पाहुण्याने चाकांचा मुळीच विचार केलेला नव्हता, आणि त्यापायी बेसॉल्टच्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडून त्याचे २०२० साली रामसर स्थळ झाले. विनोद बाजूस ठेवला, तर स्नेह्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. फोमचे हलके विमान हाताने फेकून उडविता येते, पोटावर उतरविता येते, आणि पहिल्या काही दिवसांत चाकांची उठाठेव टाळणेच श्रेयस्कर ठरते. म्हणून चाके काढता-घालता येतील असेच विमान पाहावे, ही अट मी यादीत घातली.

यादीतील बाकीच्या अटी अशा, की पंख वर असावेत आणि टोकांशी किंचित उचललेले असावेत, म्हणजे कलंडलेले विमान हात सोडताच सावरते; पंखांचा विस्तार सव्वा मीटरच्या आसपास असावा, कारण त्याहून लहान विमान आमच्या वयाच्या डोळ्यांना शेजारच्या पाटलांच्या धुऱ्यापलीकडे दिसत नाही; चाकांचा आस पंखाच्या पुढच्या कडेखाली किंवा किंचित पुढे असावा, मागे असल्यास विमान नाकावर पडून पंखा मोडतो; आणि सुकाणू स्वतंत्र असावे, कारण ज्या विमानाला जमिनीवर वळविता येत नाही, त्याला शेपटीचे चाक देणे म्हणजे अधिकाराविना जबाबदारी सोपविणे होय, ज्याचा अनुभव मी कचेरीत पुष्कळ घेतला आहे. नियमांची बाजूही तपासली. २०२१ च्या ड्रोन नियमावलीप्रमाणे व्यावसायिक हेतू नसल्यास दोन किलोपर्यंतच्या यंत्राच्या चालकास परवाना लागत नाही. हे वाचून, हयात अर्जांवर शेरे मारण्यात घालविलेल्या मला क्षणभर अनाथ झाल्यासारखे वाटले.

वाऱ्याची खात्री मात्र कोणी देत नाही. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्यतृतीयेस मांडलेल्या घटांवरून दुसऱ्या दिवशी पहाटे पर्जन्याचे आणि पिकांचे भाकीत ऐकविले जाते, परंतु सकाळी साडेआठनंतर उठणाऱ्या आडव्या वाऱ्याचा उल्लेख त्यात नसतो. सबब उजाडताच उडवावे आणि न्याहारीस घरी यावे. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले, की उजवे-डावे उलटते. तेव्हा जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूस दांडी ढकलावी, म्हणजे तो आधार दिल्यासारखा वर येतो. भाच्याने शिकविलेल्या गोष्टींपैकी ही एक मी निमूटपणे वहीत उतरून घेतली.

सोयाबीन निघाल्यानंतर आणि हरभरा पेरण्यापूर्वी जो अल्पसा अवकाश असतो, त्यात शेत वापरू देण्यास शेजारचे पाटील राजी झाले. विमानाचे चित्र त्यांनी निरखून पाहिले, मागच्या चाकावर बोट ठेवले आणि विचारले, "काहो भाऊ, हे इमान भुईवरच चालते, का वरतं बी जाते?" वर जाते, असे मी सांगितल्यावर त्यांनी उभ्या तुरीकडे एक नजर टाकली आणि आपली एकमेव शर्त घातली: "तुरीत पडलं, तर पंचनामा तुम्हीच लिवा. तुमचा हात बसेल आहे."