कोळसेपारखी जिभाऊ

नरडाण्याच्या बाजारात 'ओ जिभाऊ' अशी हाक मारली तर चार जण मागे वळतील. त्यांतल्या एकाच्या गच्चीवर बार्बेक्यूची शेगडी असते. नोकरी एमआयडीसीत, शेती धाकट्या भावाकडे, आणि मतं सगळी स्वतःची. हे ते जिभाऊ.

शेगडी ऑनलाइन आली, तिच्यासोबत कोळशाच्या वड्यांची पिशवी आली आणि जिभाऊंचा अभ्यास सुरू झाला. "ह्या वड्या म्हणजे भुसा नि चुरा दाबून केलेला माल," ते सांगतात. "फोर्ड मोटारवाला होता ना, त्याने कारखान्यातल्या लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या अशाच वड्या करून विकल्या." माहिती खरी आहे. जिभाऊंची माहिती खरीच असते, सोबतच्यांना त्रास होतो तो त्याचाच.

आता ते फक्त अख्ख्या लाकडाचा कोळसा घेतात, तोही बाभळीचा. वखारीत त्यांचा कार्यक्रम मुलगी पाहायला गेल्यासारखा चालतो. आधी एक तुकडा उजेडात धरायचा. मोडल्यावर आतून काळाभोर आणि चकाकता दिसला तर पुढची बोलणी. तपकिरी दिसला तर लाकूड नीट जळलेलं नाही, धूर करणार, स्थळ नापसंत. मग दोन तुकडे कानाजवळ एकमेकांवर वाजवायचे. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कच्चा किंवा ओला. वजन वाढवायला पोत्यावर पाणी मारलंय का, हे ते तळाशी हात घालून पाहतात. ओला कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो, हे खरंच. तळाचा चुरा ते वजनात धरू देत नाहीत. एवढ्यात जपानचा विषय निघतो. वाकायामा भागात ओकच्या लाकडाचा 'बिंचोतान' कोळसा करतात, तो धातूसारखा वाजतो. वखारवाल्याने हे इतक्यांदा ऐकलंय की वाकायामा त्याला शिरपूरच्या अलीकडे वाटतं. शेवटी तोच म्हणतो, "आरे भो, तुले कोयसा लेनं शे का त्यानं लगन लावनं शे?"

पार्टीचं निमंत्रण सातचं असतं. रॉकेल-पेट्रोल ओतायला सक्त मनाई, जेवणाला वास लागतो. गोवरीचा तुकडा, थोडा कापूर, वर रचलेला कोळसा. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर चढेपर्यंत जाळीवर काही ठेवायचं नाही. साडेआठला पाहुण्यांची पोरं कच्चं पनीर खाऊ लागतात. जिभाऊ पुठ्ठ्याने वारा घालत म्हणतात, "अजून थर यायचाय." एकदा पावसाची सर आली तेव्हा कुणीतरी शेगडी उचलून खोलीत न्यायला निघाला. त्या दिवशी मात्र जिभाऊ दारात आडवे झाले. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, बंद खोलीत माणसं झोपेत जातात. चिकन भिजलं, पण त्या रात्री सगळ्यांनी त्यांचं निमूट ऐकलं. ऐकायलाच हवं होतं.

जिभाऊंचं काही चालत नाही ते एका ठिकाणी, भरितापुढे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तेच सगळ्यांना सांगत फिरतात. गेल्या हिवाळ्यात असली हिरवी, टपोरी वांगी आणून त्यांनी ती बाभळीच्या उत्तम निखाऱ्यांवर मांडली. निखाऱ्याची आच संथ. वांगी आतून हळूहळू शिजत राहिली, साल काही करपेना. आई खुर्चीवरून सगळं पाहत होत्या. मग उठल्या, मागच्या अंगणातला कपाशीच्या काड्यांचा भारा ओढला, काडी लावली. जाळ भडकला, साल काळी ठिक्कर पडली, आणि बघता बघता वांगी बडगीत ठेचायलाही गेली. कळण्याच्या पुऱ्या तयारच होत्या. त्या काड्या शेतातून फुकट आलेल्या, कुणी कधी वाजवून पाहिलेल्या नाहीत.

जिभाऊंनी दोन वेळा भरीत वाढून घेतलं आणि म्हणाले, "कपाशी कोणत्या वाणाची होती ते बघायला पाहिजे."

त्यांचं बोलावणं आलं तर जरूर जा, तसा कोळसा तुम्हाला दुसरीकडे पाहायला मिळायचा नाही. फक्त निघताना घरून दोन भाकरी खाऊन निघा.